दगड ठेवलेली जागा

आमच्या गावात बाजाराच्या तोंडाशी आता एक काळा गुळगुळीत फलक उभा आहे. त्यावर सोनेरी अक्षरांत गावाचा इतिहास कोरलाय. कोण्या पाटलानं गाव वसवलं, कोण्या महाराजांचे पाय इथल्या मातीला लागले, ग्रामपंचायतीची नगरपंचायत कोणाच्या प्रयत्नानं झाली, सगळं त्यात आहे. सर्व समाज गुण्यागोविंदानं नांदतात, हेही आहे. आणि अगदी खाली शेवटची ओळ: सुशोभीकरणापूर्वी ही जागा ओसाड व पडीक होती.

ओसाड! अरे, तुमच्या जिभेला काही हाड? माझं अख्खं आयुष्य ज्या जागेवर वांगी विकण्यात गेलं, ती जागा ओसाड? माझ्या सासूचं गेलं, तिच्या सासूचं गेलं. आजूबाजूच्या खेड्यांतले लोक डोक्यावर टोपलं घेऊन अंधारातच घर सोडायचे, त्या बाजाराला तुम्ही पडीक म्हणता? ज्यानं कोणी ही ओळ लिहिली त्यानं लहानपणी याच बाजारातली बोरं खाल्ली असतील. मी तो फलक पहिल्यांदा वाचला तेव्हा मला इतका संताप आला की हातातली पिशवी खाली पडली, आणि टमाटे रस्ताभर झाले.

म्हणून मी सांगते या जागेचा इतिहास. माझ्याकडे सोनेरी अक्षरं नाहीत, पण मी तिथं बसलेली बाई आहे.

मी या गावात सून म्हणून आले ती डोणगावकडच्या एका खेड्यातून. मॅट्रिक झालेली, त्यामुळं जरा तोऱ्यातच होते. सासूनं तो तोरा चार दिवस पाहिला आणि पहिल्याच बाजाराला माझ्या डोक्यावर वांग्यांचं टोपलं ठेवलं. म्हणाली, "चाल, तुही जागा दाखवतो तुले." आमच्याकडच्या बायका अशाच बोलतात, जातो, येतो, दाखवतो. पुण्याच्या पाहुण्यांना त्याचं हसू येतं. येऊ द्या.

बाजाराच्या मध्यावर एक थोरला कडूलिंब होता. त्याच्या सावलीत बायकांची एक ओळ बसायची. व्यापारी पलीकडं, पालं ठोकून बसायचे. आमची ओळ कास्तकारणींची. ज्या बाईच्या वावरात जे पिकलं ते तिनं आणायचं: लसूण, आंबाडी, गवार, सांभार. सांभार म्हणजे तिकडं कोथिंबीर म्हणतात ती. प्रत्येकीची जागा ठरलेली. कोणी आखून दिलेली नाही, कुठं नोंद नाही. सासूकडून सुनेला, आईकडून लेकीला आलेली.

आणि या ओळीचा एक रिवाज होता. कोणी बाई बाळंत झाली, आजारी पडली, कोणाच्या घरी सुतक आलं, की शेजारणी तिच्या जागेवर एक दगड ठेवायच्या आणि त्यावर लिंबाचा डहाळा. बस. दगड दिसला की ती जागा भरलेली. गर्दी कितीही होवो, पोळ्याच्या आदल्या बाजाराला पाय ठेवायला जागा नसो, दगडाच्या जागेवर कोणी टोपलं टेकवत नसे. तिचा माल घरून आला तर शेजारणीच विकून द्यायच्या. आणि दगड उचलायचा तो जिची जागा तिनंच. दुसऱ्या कोणी उचलला तर ते चोरीपेक्षा वाईट समजत.

माझ्या उजव्या हाताला मिरच्यावाली मावशी बसायची. नाल्यापलीकडच्या बौद्ध वस्तीतली. दोन एकर कोरडवाहू वावर, नवरा लवकर गेलेला, पण हिच्या मिरचीला तोड नाही. गिऱ्हाईक विचारायचं, तिखट हाय का? मावशी म्हणायची, "घरी जाऊन नवऱ्याले विचार." मी ओळीत नवी होते म्हणून ती मला सूनबाई म्हणायची. आज माझे केस पांढरे झाले, तरी मी तिची सूनबाईच आहे.

आता गुण्यागोविंदाचं सांगते. माझी सासू मावशीच्या हातचं पाणी पीत नव्हती. खोटं कायले सांगू? एकमेकींना टेकून बसायच्या, एकमेकींचा माल विकायच्या, आणि तहान लागली की सासू लांबच्या हापशीवर जायची. मला त्याची लाज वाटायची. मी मावशीच्या तांब्यानं पाणी प्यायले तेव्हा सासू घरी येऊन दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. पण हीच सासू! मावशीच्या घरी सुतक होतं, जागेवर दगड होता, आणि परगावच्या एका धटिंगणानं तो दगड पायानं सरकवून कांद्याचं पोतं टेकवलं. सासू तागडी घेऊन उठली. "उचल बे तुहं पोतं! मालकीण मेली नाही अजून!" त्या माणसाला पोतं उचलावं लागलं. वर दगड होता तसा ठेवावा लागला.

पुढं कधीतरी मी हे मावशीला सांगितलं. ती मिरच्यांचे देठ खुडत होती. म्हणाली, "मले ठाऊक हाय. बुढी चांगलीच होती. पाणी पेली असती तं अजून चांगली झाली असती." हे सगळं फलकावर कसं लिहितील, ते मला माहीत नाही. पण निदान ओसाड तरी लिहू नये ना.

माझ्या दुसऱ्या बाळंतपणात माझ्याही जागेवर दगड होता. मावशीनं माझी वांगी विकली, आणि विकता विकता गिऱ्हाइकांना सांगायची, वांग्यावालीले पोरगी झाली, घासाघीस करू नका. मी परत आले ती पोरीला घेऊनच. मावशीनं लिंबाच्या फांदीला झोका बांधून ठेवला होता. पण दगडाला हात लावला नाही. "उचल तुहा दगड," म्हणाली. अंगात अजून ताकद नव्हती, तरी मी वाकून उचलला. त्या दिवशी मला कळलं की मी या गावची झाले. लग्नात नव्हतं कळलं.

तर ही मावशी अलीकडं वावरात बांधावरून घसरली आणि तिच्या मांडीचं हाड मोडलं. अकोल्याला ऑपरेशन झालं, मग लेकीकडं खामगावला राहायचं ठरलं. अकोल्याला न्यायला गाडी आली, तो नेमका बाजाराचा दिवस. मावशीनं गाडी बाजारात थांबवायला लावली. आतूनच मला हाक मारली. वेदनेनं तोंड वाकडं झालेलं, पण म्हणाली, "सूनबाई, दगड ठेव वं माह्या जागेवर. ध्यान ठेवजो." मी तिच्यासमोर दगड ठेवला. हिरवट, एका बाजूनं चपटा, तिच्याच वावरातला. तिनं पाहून घेतला, मग गाडी गेली.

मला तेवढंच काम दिलं होतं. ध्यान ठेव.

आणि नेमकं त्याच दिवसांत नगरपंचायतीला आमची कणव आली. बाजारात सिमेंटचे ओटे होणार, वर टिनाचं शेड होणार, जिची जागा तिला ओटा मिळणार. नोंदणीला त्यांचा एक माणूस मोबाईल घेऊन आला. बसलेल्या बाईचा तिच्या पथारीसकट फोटो काढायचा, नाव टाकायचं. माणूस वाईट नव्हता, उगाच कोणावर आळ घेऊ नये. घामाघूम झालेला, सगळ्यांना काकू, मावशी करत होता. माझा फोटो झाला आणि तो पुढं सरकला. पुढं दगड.

"ही जागा रिकामी हाय का?"

"रिकामी काऊन असन?" मी म्हटलं. "दगड हाय ना."

तो हसला. मी त्याला सगळं सांगितलं, मांडीचं हाड, खामगाव, सगळं. त्यानं ऐकून घेतलं. इकडं तिकडं पाहिलं आणि हळूच म्हणाला, "एक काम करा. तुमच्यातली कोणी बी दोन मिनिट तिथं बसा. मी फोटो काढतो, नाव मावशीचं टाकतो. माणसाबिगर मोबाईल जागा घेतच नाही."

बघा, दार उघडं होतं. आणि आम्ही काय केलं? एकमेकींच्या तोंडाकडं पाहिलं. लसूणवाली कानाला हात लावून म्हणाली, "माय वं! दगडाच्या जागेवर?" आंबाडीवाली मागं सरली. मी दोन पावलं पुढं झाले, आणि दगडाजवळ जाऊन थांबले. ज्या जागेसाठी सासूनं तागडी उगारली, तिथं मी फतकल मारून बसू? तो माणूस वाट पाहून पाहून पुढं गेला.

आता घरातले म्हणतात, अडाणीपणा केला तुम्ही. माझा मुलगाही म्हणाला, दोन मिनिटांनी काय बिघडलं असतं? मला अजूनही याचा राग येतो. काय बिघडलं असतं म्हणजे? आमची चूक झाली ती काय, तर आम्ही दुसऱ्याच्या जागेवर बसलो नाही! या जगात बसणाऱ्याला ओटा मिळतो आणि न बसणारा अडाणी. वा रे न्याय! लोकांनी गायरानं दाबली, नाल्यात घरं बांधली, त्यांचं सगळं कायम झालं. आम्ही एका म्हातारीची पथारीभर जागा राखली, ती रिकामी ठरली.

मी गेले नगरपंचायतीत. साहेब खुर्चीत, पंखा डोक्यावर. मी म्हटलं, आमच्या ओळीतली एक बाई राहिली. साहेब म्हणाले, पुरावा काय? मी म्हटलं, अख्खी ओळ पुरावा आहे, या विचारा. ते म्हणाले, "काकू, असं दगड ठेवून जागा मिळत असती तर सगळा तालुका दगडं ठेवून बसला असता." बाजूचे दोघं खी खी हसले. मी म्हटलं, "साहेब, तालुका बसला असता, पण दुसऱ्याचा दगड पाहून उठलाही असता का, ते विचारा." ते त्यांना समजलं नाही. समजणार कसं? उठायची सवय पाहिजे ना.

मग लिंब तोडला. एवढा जुना लिंब, दुपारपर्यंत आडवा. त्याच्या जागी एक प्लास्टिकचं झाड लावलं, संध्याकाळी त्याला हिरवे दिवे लागतात. हसावं की रडावं? ओटे झाले थोडे मागं सरकवून. आणि पुढं जी जागा मोकळी राहिली, तिथं पुरुषभर उंचीची इंग्रजी अक्षरं उभी केली. त्यांचा अर्थ म्हणे, माझं माझ्या गावावर प्रेम आहे. मधे लाल बदाम. बदाम बरोबर मावशीच्या जागेवर. ओळीतल्या कोणालाही विचारा, एक वीत इकडं तिकडं नाही.

काम चाललं होतं तेव्हा मी तिथंच होते. मजुरानं फावड्यानं तो हिरवट दगड मलब्यात टाकला. त्याचा काय दोष? तो बिचारा परमुलखातला. ट्रॅक्टर भरून निघायच्या आत मी पदर खोचून मलब्यावर चढले आणि दगड शोधून काढला. लोक पाहत होते, वांग्यावालीचं डोकं फिरलं म्हणत होते. फिरलंच होतं. दगड पदरात बांधून घरी आणला आणि तुळशीजवळ ठेवला.

लोकार्पणाला बँड होता. हिवरा आश्रमाकडून येणाऱ्या एस्ट्या अर्धा तास अडकून पडल्या. भाषणात सांगितलं की आता आपलं गाव नकाशावर आलं. म्हणजे आतापर्यंत आम्ही कुठं बसत होतो, हवेत?

मावशी परत आली ती काठी टेकत, एक पाय ओढत. खामगावात करमत नाही म्हणून लेकीशी भांडून आली. मी तिला निरोप पाठवले होते, पण तिला वाटलं, सूनबाई तिथं आहे म्हणजे जागा आहे. बाजाराच्या दिवशी ऑटोतून उतरली, मिरच्यांची पिशवी घेऊन. अक्षरांकडं पाहिलं. प्लास्टिकच्या झाडाकडं पाहिलं. मी ओट्यावरून धावत गेले. मला वाटलं ती माझ्यावर ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "दगड कुठी हाय?"

"घरी हाय. राखला."

"मंग बरं," म्हणाली, आणि चालत जाऊन लाल बदामाखाली बारदान पसरून बसली. मिरच्यांचे वाटे लावले. गिऱ्हाईकही आलं, जुनं गिऱ्हाईक तिला शोधतच होतं.

दुपारी कॉलेजातली चार-पाच पोरं आली फोटो काढायला. चांगल्या घरची, गोड बोलणारी. एकजण म्हणाला, "आजी, जरा बाजूले सरका ना, तुमी फोटोत येऊन राह्यल्या."

मावशीनं वर पाहिलं. "मी काऊन सरकू, बापू? तुहाच फोटो माह्या जागेत येऊन राह्यला."

सगळी ओळ खळाळून हसली. पोरंही हसली, एकानं मिरच्याही घेतल्या. पण पुढच्या बाजाराला अक्षरांभोवती लोखंडी कठडा लागला होता. वर पाटी: आत बसू नये. कोणी तक्रार केली कोण जाणे. अक्षरांना जागा पाहिजे, त्यांना मोकळं वाटलं पाहिजे. माणसाचं काय, माणूस कुठंही बसेल.

मी मावशीला माझ्या ओट्यावर बोलावलं. म्हटलं, अर्धा तुमचा. ती तयार होईना. "ते तुही जागा हाय. दुसऱ्याच्या जागेवर मी आजपावतो बसली नाही, आता मराच्या वक्ताले बसू?" मी हात जोडले, भांडले, रडलेही. ती काठी टेकत ऑटोत बसली आणि घरी गेली. त्यानंतर दोन बाजार आलीच नाही. मिरच्या घरबसल्या व्यापाऱ्याला दिल्या म्हणे. मला अन्न गोड लागेना. तिनं मला एकच काम सांगितलं होतं.

आणि मग भाकरी थापता थापता माझ्या डोक्यात आलं. पुढच्या बाजाराला मी तुळशीजवळचा तो दगड नेला. माझा सगळा माल ओट्याच्या डाव्या अर्ध्यात रचला. उजव्या अर्ध्यात मधोमध दगड ठेवला, आणि घराजवळच्या लिंबाचा डहाळा वर ठेवला. ओळ पाहत होती. लसूणवाली म्हणाली, "आता ते जागा तुही बी नाही, बाई." मी म्हटलं, हाव, नाहीच. आणि मावशीला निरोप धाडला: तुमच्या जागेवर दगड ठेवला आहे.

ओट्याला ती नाही म्हणू शकली. दगडाला कशी म्हणणार?

पण त्या दिवशी तिच्याआधी तो मोबाईलवाला माणूस आला. वापरात नसलेले ओटे पाहत फिरत होता, ते दुसऱ्यांना द्यायचे होते. माझ्यापाशी थांबला. "काकू, अर्धा ओटा तं रिकामाच हाय तुमचा." आणि बोलता बोलता त्यानं सहज, कागद उचलावा तसा तो दगड उचलला.

ओळीतल्या तागड्या खाली टेकल्या. मग लसूणवाली उभी राहिली. आंबाडीवाली उभी राहिली. मागं सांभारवाली, तिच्यामागं बाकीच्या. फोटोच्या दिवशी आम्ही नुसत्या एकमेकींकडं पाहत बसलो होतो. आज सगळ्या त्याच्याकडं पाहत होत्या. मी म्हटलं, "दगड ठेवा खाली." तो गोंधळून गेला. दगड हातात, ठेवावा कुठं ते समजेना. मग त्यानं त्या दगडाकडं पाहिलं, आणि त्याला तो फोटोचा दिवस आठवला. त्याच्या तोंडावर ते दिसलं.

तेवढ्यात मागून काठीचा आवाज आला. गर्दीतून वाट काढत मावशी येत होती, खांद्याला मिरच्यांची पिशवी. तो चटकन म्हणाला, "मावशी, या, बसा," आणि दगड बाजूला टाकायला वळला.

"थांब," मावशी म्हणाली. "पयले होता तसा ठेव."

त्यानं दगड परत ओट्यावर ठेवला. डहाळा खाली पडला होता, तोही वर ठेवला. मग मावशीनं काठी माझ्याकडं दिली, दुखरा पाय लांब केला, ओट्याला धरून वाकली, आणि आपला दगड आपल्या हातानं उचलला.